रात्रीचं युनिट, दिवसाचं युनिट: खात्रीची स्वच्छ वीज खानदेशात कोणत्या वाटेने येईल

प्रश्न सावद्याच्या एका तरुण अभियंत्याचा आहे. ते पुण्यात ऊर्जाक्षेत्रातल्या स्टार्टअपमध्ये आहेत आणि घरी वडिलांचं केळीचं प्री-कूलिंग व रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी गार करून ठेवायची आणि पिकवायची खोली, आहे. ते विचारतात: "अमेरिकेत जमिनीखालच्या उष्णतेची वीज, कॅनडात छोट्या अणुभट्ट्या, असं रोज वाचतो. यातलं बाजारात खरोखर काय येतंय? श्रीमंत देशांची वाट आणि आपली वाट वेगळी का? आणि खानदेशात यातलं काय पोचेल? वडील एवढंच विचारतात की रात्री लाइट न जाणारी स्वच्छ वीज कधी मिळेल."

मी एकतीस वर्षं औष्णिक वीजकेंद्रांत काढली आणि निवृत्तीनंतर काही वर्षं प्रकल्पांच्या अर्थव्यवहाराची छाननी करतो आहे. भुसावळ तालुक्यात दीपनगर औष्णिक केंद्राच्या धुरांड्या दिसतील अशा गावात वाढलो. त्यामुळे तुमच्या वडिलांचा प्रश्न मला तुमच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो. सुरुवात तिथूनच करतो.

प्री-कूलिंगच्या खोलीत केळी 13 ते 14 अंशांवर ठेवावी लागतात. त्याखाली गेली की साल काळपट पडते आणि मग ती पिवळीधमक होत नाहीत, भाव पडतो. वर गेली तर आत पिकण्याची क्रिया सुरू होते, आणि पिकायला लागलेली केळी स्वतःच ऊब सोडतात. मे महिन्यात बाहेर 44-45 अंश असताना दोन तास लाइट गेली की खोलीचं तापमान नुसतं बाहेरच्या उन्हाने चढत नाही, आतल्या मालानेही चढतं. म्हणून तुमच्या वडिलांच्या मागे जनसेट उभा असतो आणि त्याचं युनिट ग्रीडच्या युनिटपेक्षा कितीतरी महाग पडतं, तरी ते मुकाट्याने ते जाळतात. कारण त्यांना लागणारी गोष्ट 'युनिट' ही नाहीच, 'पाहिजे तेव्हा युनिट' ही आहे. खात्रीची वीज म्हणतात ती हीच: हवामान काहीही असो, मागितल्यावर मिळणारी, आणि आठवडाभर सलग मागितली तरी मिळणारी. तिला 'स्वच्छ' हे विशेषण जोडलं की आजची नवी तंत्रज्ञानं कशासाठी धडपडताहेत ते कळतं.

आज हे खात्रीचं काम कोळसा करतो. गेल्या काही वर्षांत कंट्रोल रूममध्ये बसलेल्या कुणालाही विचारा. दुपारी बारा-एकला ग्रीडचा तोल सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरचा फोन येतो की बॅकडाऊन घ्या, म्हणजे निर्मिती कमी करा, सौर वीज भरपूर आहे. मग 500 मेगावॉटचा संच 55 टक्क्यांपर्यंत खाली आणायचा. त्याखाली भट्टीतली ज्योत अस्थिर होते, ती टिकवायला तेल फवारावं लागतं. आणि संध्याकाळी सहा वाजले की तोच फोन: असेल तेवढं सगळं द्या. सूर्य मावळतो, घराघरांत दिवे लागतात, आणि दोन तासांत सगळा भार चढवायचा असतो. बॉयलरच्या नळ्यांना दिवसातून दोनदा तापवणं-निववणं हे माणसाला दिवसातून दोनदा ताप आणण्यासारखं आहे. मी त्या नळ्या फुटताना पाहिल्या आहेत. कोळसा बंद करा म्हणणं सोपं आहे. तो संध्याकाळी सहा ते पहाटे सहा जे काम करतो ते कोण करणार, हा खरा प्रश्न.

तुमच्या पिढीचं पहिलं उत्तर बॅटरी असतं. ते बरंचसं बरोबरही आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो, कारण पाच वर्षांपूर्वी मी ते मानत नव्हतो. 2022 मध्ये केंद्र सरकारच्या सोलर एनर्जी कॉर्पोरेशनच्या पहिल्या मोठ्या बॅटरी निविदेत मेगावॉटला महिन्याकाठी 10.83 लाख रुपये असा दर आला होता. 2025 च्या निविदांत, सरकारी अनुदान धरून, तो अडीच लाखांच्या खाली आला. संध्याकाळचे चार तास बॅटरीने भरून काढणं आता हिशेबात बसतं. पण बॅटरीचा हिशेब वर्षातून ती किती वेळा भरते आणि रिकामी होते यावर उभा असतो.

समजा जळगावच्या आसपासच्या शीतगृहांना, दालमिलना आणि एमआयडीसीला मिळून अखंड 100 मेगावॉट लागतात. ऊन नसलेल्या रोजच्या चौदा तासांसाठी 1,400 मेगावॉट-तासांची बॅटरी लागेल. ती वर्षातून 300 हून जास्त वेळा कामाला येईल, म्हणजे तिचा खर्च 300 दिवसांवर वाटला जाईल. आता नोव्हेंबरचे किंवा मार्चचे अवकाळी ढग आठवा. तीन दिवस ऊन नाही, आणि साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्याही गप्प. कारण आपल्याकडे वारा मृगापासून पोळ्यापर्यंत जोमाने वाहतो, पुढे ढेपाळतो. त्या तीन दिवसांसाठी 7,200 मेगावॉट-तास साठवावे लागतील, आणि ते वर्षातून आठ-दहा वेळाच वापरले जातील. तीच बॅटरी, पण तिचं युनिट तीस-चाळीस पट महाग. रब्बीच्या पाण्याची पाळीही नेमकी त्याच दिवसांत. दिवस-रात्रीची दरी बॅटरी भरते. आठवड्याची आणि ऋतूची दरी भरायला ती फार महाग साधन आहे. पहिली 80 टक्के वीज स्वच्छ करणं स्वस्त आणि शेवटची 20 टक्के करणं महाग, असं तज्ज्ञ म्हणतात ते यामुळेच. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने हिशेब मांडला होता की वीज जवळजवळ पूर्ण कार्बनमुक्त करायची असेल, तर खात्रीचे स्वच्छ स्रोत सोबत घेतल्याने एकूण खर्च 10 ते 62 टक्क्यांनी कमी होतो. माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे.

आता बाजाराकडे वळू. वायू जाळून त्याचा कार्बन जमिनीत पुरायचं तंत्र मी आपल्या संदर्भात बाजूला ठेवतो. जवळपास निम्मा वायू आपण आयात करतो, त्याच्यावर खात्री उभी राहत नाही. संलयनाची, म्हणजे अणुकेंद्रकं एकमेकांत जोडून मिळणारी वीज तुमच्या कारकिर्दीत दिसली तर आनंदच आहे, पण तिच्यावर आज गुंतवणुकीचा सल्ला देणार नाही. उरतात दोन मोठी दावेदार: जमिनीखालची उष्णता आणि अणुऊर्जा.

भूऔष्णिक विजेत मोठी उलथापालथ झाली ती तेल-वायू उद्योगातून आली. पूर्वी भेगाळ खडक, पाणी आणि उष्णता हे तिन्ही निसर्गाने एकाच जागी दिलेले असावे लागत. फर्वो एनर्जी या अमेरिकन कंपनीने खडकात आडव्या विहिरी खोदून भेगा स्वतः पाडल्या. 2023 मध्ये नेवाडातल्या त्यांच्या पहिल्या प्रकल्पाने साडेतीन मेगावॉटच्या आसपास वीज देऊन दाखवली, आणि ती गूगलच्या डेटा सेंटरसाठी होती. युटामधल्या केप स्टेशनवर सुरुवातीच्या विहिरींना 94 लाख डॉलर लागले, नंतरच्यांना 48 लाख, असं कंपनी सांगते. 2024 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया एडिसनने त्यांच्याकडून 320 मेगावॉट घ्यायचा करार केला. हे आकडे मी मुद्दाम देतो आहे. पहिल्या विहिरीत कंपनी जे शिकली ते दहाव्या विहिरीत स्वस्ताईच्या रूपात बाहेर आलं. एकाच पठारावर, एकाच ड्रिलिंग पथकाने, एकच काम पुन्हा पुन्हा केलं म्हणून ते शक्य झालं.

आता याच्याशेजारी अणुऊर्जा ठेवा. अमेरिकेत जॉर्जियातल्या व्होग्टलच्या दोन नव्या अणुभट्ट्या सात वर्षं उशिराने, 2023 आणि 2024 मध्ये सुरू झाल्या. मूळ अंदाज 14 अब्ज डॉलरचा होता, खर्च 30 अब्जांच्या वर गेला. दुसऱ्या बाजूला अबुधाबीतल्या बराकाह केंद्रात कोरियन कंपनीने 1,400 मेगावॉटचे चार एकसारखे संच एकामागोमाग उभारले. पहिला 2021 मध्ये, चौथा 2024 मध्ये व्यावसायिक उत्पादनाला लागला. एकाच्या पायाभरणीतून मोकळे झालेले गवंडी आणि वेल्डर दुसऱ्याच्या पायाभरणीला गेले. आराखडा गोठवायचा आणि माणसं टिकवायची, यापलीकडे तिथे काही गुपित नव्हतं. मी ज्या प्रकल्पांवर काम केलं त्यांतल्या एकात मंजुरीनंतर आराखडा तीनदा बदलला. शेवटी तो इतका रेंगाळला की पहिल्या वर्षी आलेले वेल्डर निघून गेले आणि नवीन माणसांना तेच जोडकाम पुन्हा शिकवावं लागलं. वेल्डची क्ष-किरण तपासणी नापास होण्याचं प्रमाण त्या महिन्यांत किती वाढलं ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं. पैसा कुठे जातो हे मला त्या वहीने शिकवलं.

छोट्या अणुभट्ट्यांबद्दल लोक फार बोलतात. त्यातली सगळ्यात शिकवणारी गोष्ट अपयशाची आहे. न्यूस्केल कंपनीच्या भट्ट्यांची वीज युटा आणि आसपासच्या नगरपालिकांच्या संघाने घ्यायची ठरवली होती, 462 मेगावॉट. विजेचा अंदाजी दर 58 डॉलर प्रति मेगावॉट-तास होता, तो 2023 च्या सुरुवातीला 89 झाला, सरकारी मदत धरूनही. छोट्या गावांच्या पालिकांनी पुढे नावं नोंदवली नाहीत आणि नोव्हेंबर 2023 मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. तंत्र नापास झालं नव्हतं. जगात पहिल्यांदाच होणाऱ्या गोष्टीची जोखीम ज्यांच्या खांद्यावर टाकली, ते खांदेच लहान होते. त्याउलट कॅनडात ओंटारियोने मे 2025 मध्ये डार्लिंग्टनला 300 मेगावॉटच्या चार भट्ट्या मंजूर केल्या, 20.9 अब्ज कॅनेडियन डॉलर. तिथे खरेदीदार प्रांत सरकारच्या मालकीची वीज कंपनी आहे, आणि चारही एकाच आराखड्याच्या. पहिली महागच पडणार, हे त्यांनी आधीच धरून ठेवलं. ते यशस्वी होतील की नाही हे यंत्र फिरेल तेव्हा कळेल, पण घडी योग्य घातली आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो: श्रीमंत देश आणि आपण यांच्या वाटा वेगळ्या का. ऊन-वाऱ्याचा फरक, कौशल्याचा फरक, हे सगळं आहे, पण सगळ्यांत मोठा फरक व्याजाचा आहे. हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून आकडा करून दाखवतो. 2017 मध्ये केंद्र सरकारने 700 मेगावॉटच्या दहा स्वदेशी अणुभट्ट्या एकदम मंजूर केल्या तेव्हा अंदाज 1 लाख 5 हजार कोटींचा होता. म्हणजे मेगावॉटला 15 कोटी. 85 टक्के भारांकाने, म्हणजे वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या 85 टक्के वीज काढून, 1 मेगावॉट वर्षाला साधारण साडेचौऱ्याहत्तर लाख युनिट देतो. भांडवल 30 वर्षांत फेडायचं असेल, तर 5 टक्के व्याजाने दर युनिटवर 1 रुपया 31 पैसे नुसते भांडवलाचे बसतात. 10 टक्क्यांनी 2 रुपये 14 पैसे. 14 टक्क्यांनी 2 रुपये 88 पैसे. यंत्र तेच, लोखंड तेच, माणसं तीच. आफ्रिकेतल्या अनेक देशांत कर्ज याहूनही महाग मिळतं. उशीर झाला तर काय? सगळे 15 कोटी खर्चून झाले आणि त्यानंतर पाच वर्षं वीज आली नाही, तर 10 टक्क्यांनी ते 24 कोटी होतात. आणि भारांक निम्म्यावर आला, दुपारी बॅकडाऊन घेत राहिलो, तर 2 रुपये 14 पैशांचे 4 रुपये 27 पैसे होतात. इंधन आणि देखभाल यांत धरलेली नाही. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, म्हणून त्याला व्याजाचा दंश कमी बसतो. खात्रीच्या स्वच्छ विजेत जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशीच असतो, म्हणून तिला व्याजाचं विष सर्वांत जास्त भिनतं.

त्यामुळे मी नेहमी सांगतो की आपल्याकडे नवं तंत्र आणायचं तर यंत्रावरच्या अनुदानाआधी जोखीम कोण घेणार ते ठरवा. जोखीम उतरली की व्याज उतरतं, आणि व्याज उतरलं की युनिट उतरतं. याचं सर्वांत प्रामाणिक उदाहरण मला केनियात दिसतं. रिफ्ट व्हॅलीत ओल्कारियाला 1981 पासून भूऔष्णिक वीज तयार होते. आज त्या देशाच्या विजेचा चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा जमिनीखालच्या उष्णतेतून येतो. भूऔष्णिक विजेतली खरी भीती पहिल्या विहिरींची असते: कोट्यवधी खर्चून खोदलं आणि खाली वाफच नाही. केनियाने 2008 मध्ये खोदकामासाठी वेगळी सरकारी कंपनी काढली. ती विहिरी खोदते, वाफ मिळाली की ती वाफ खासगी वीजकंपनीला विकते. खासगी माणसाला फक्त जनित्र उभारायचं. बँकेला हे समजतं. आफ्रिकी संघाने 2012 पासून जर्मन विकास बँकेच्या साथीने शोध-विहिरींच्या खर्चाचा वाटा उचलणारा निधीही चालवला. तरीही सगळं गुळगुळीत झालं असं नाही. मेनेंगाईच्या ज्वालामुखी क्षेत्रात वाफ तयार होती, खासगी कंपन्यांशी करार झाले, आणि तरी पहिला 35 मेगावॉटचा प्रकल्प सुरू व्हायला 2023 उजाडलं. अडलं ते पैसे मिळण्याच्या हमीवर. वीज घेणारी कंपनी बिल भरेल का, आणि नाही भरलं तर सरकार भरेल का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत सावकाराने पैसा सोडला नाही.

हे ऐकून आपल्याकडचा कुणीही वीज अभियंता मान डोलावेल. जून 2022 मध्ये देशातल्या वितरण कंपन्यांची वीजनिर्मात्यांकडची थकबाकी 1 लाख 39 हजार कोटींच्या घरात होती. त्याच वर्षी केंद्राने विलंब अधिभाराचे नियम आणले आणि हप्ते बांधून दिले, तेव्हा ती उतरायला लागली. मला हा नियम कोणत्याही नव्या भट्टीच्या बातमीपेक्षा मोठा वाटला. वेळेवर बिल भरणारा ग्राहक ही स्वच्छ विजेची पहिली पायाभूत सोय आहे.

अमेरिकेत हा चोख ग्राहक डेटा सेंटरवाल्यांच्या रूपाने मिळाला. गूगल, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन चोवीस तासांच्या स्वच्छ युनिटला बाजारभावापेक्षा जास्त मोजायला तयार आहेत. आपल्याकडे ती जागा कोण घेईल? माझं उत्तर: ॲल्युमिनियम, पोलाद आणि सिमेंट. कारखान्यात ज्या विजेच्या भांड्यांत ॲल्युमिनियम तयार होतं, त्यांना सलग काही तास वीज मिळाली नाही तर आतला धातू गोठतो आणि भांडी नव्याने बांधावी लागतात. हे लोक आज स्वतःच्या कोळसा संचांवर चालतात आणि युरोपने कार्बनवर सीमाशुल्क लावायला सुरुवात केल्यापासून चिंतेत आहेत. म्हणूनच आपल्या जुन्या, पारखलेल्या 220 मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीला 'भारत स्मॉल रिॲक्टर' म्हणून उद्योगांच्या स्वतःच्या विजेसाठी देण्याची कल्पना मला पटते. नवीन काही शोधायचं नाही, हाताला सवयीचं तेच पुन्हा बांधायचं. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांसाठी 20,000 कोटी, 2033 पर्यंत किमान पाच स्वदेशी भट्ट्या आणि 2047 पर्यंत 100 गिगावॉट अशी घोषणा झाली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने शांती कायदा करून 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा अणुअपघाताच्या भरपाईचा दायित्व कायदा बाजूला सारले, खासगी कंपन्यांना दार उघडलं. दार उघडल्याचा मला आनंद आहे. पण नियामकाची माणसं वाढली नाहीत आणि तपासणी सैल झाली, तर एका अपघाताने सगळं तीस वर्षं मागे जाईल, हेही तितक्याच कळकळीने सांगतो.

एक चूकही सांगायला हवी, कारण ती आपल्याच देशाची आहे. राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या टप्प्यात 470 मेगावॉटचे आरसे लावून वाफ करणारे सौर-औष्णिक प्रकल्प वाटले गेले. उभे राहिले ते मोजके. बोली लावताना थेट उन्हाची जमिनीवरची मोजमापं पुरेशी नव्हती, आणि आपल्या हवेतल्या धुळीने प्रत्यक्षात ऊन अपेक्षेपेक्षा कमी मिळालं. परदेशात यशस्वी झालेलं यंत्र आणायच्या आधी आपली माती, पाणी, धूळ किमान वर्षभर मोजा. खानदेशात मार्चपासून उडणाऱ्या धुळीला तर मी यंत्राचा एक घटकच धरतो.

आता आपल्या अंगणात. चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. गोमुखातून पडणाऱ्या कढत पाण्याखाली लहानपणी मी हात धरायचो आणि कोण जास्त वेळ धरतो अशी पैज लावायचो. पौषात तिथे लोक आंघोळीला येतात, थंडीत गोमुखाभोवती वाफ दिसते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशावर सोन-नर्मदा-तापी हा भूऔष्णिक पट्टा म्हणून दाखवला आहे. म्हणून दरवर्षी कुणीतरी मला विचारतं की इथे वीज का करत नाही. विजेसाठी किफायतशीर वाफ हवी तर दीडशे-दोनशे अंशांचा खडक लागतो. साधारण खडकात किलोमीटरमागे 25 ते 30 अंश वाढतात, म्हणजे सहा किलोमीटर खाली जावं लागेल, तेही दख्खनचा कठीण बेसॉल्ट भेदून. आज ते परवडणार नाही. देशात मोठ्या प्रमाणावर अशी वीज व्हायचीच तर पहिल्यांदा लडाखच्या पुगा खोऱ्यात होईल, तिथे ओएनजीसीने 2021 मध्ये करार केला आहे.

पण वीज हाच उष्णतेचा एकमेव उपयोग नाही, आणि इथे माझं मन अडकलेलं आहे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची उघड्यावर वाळते. अवकाळी एक सर आली की टनावारी माल काळा पडतो. मिरची वाळवायला 55-60 अंशांची कोरडी हवा पुरते. तेवढ्या उष्णतेसाठी एक-दीड किलोमीटरच्या विहिरी, किंवा त्या आधी दिवसाच्या स्वस्त सौर विजेने तापवलेल्या विटांची किंवा दगडांची कोठी, हे दोन्ही आज जगात बांधलं जातं. उनपदेवच्या झऱ्याला मात्र कुणी हात लावू नये. ते लोकांचं श्रद्धास्थान आहे आणि प्रवाहही लहान आहे.

मोठ्या विजेसाठी आपल्याकडे सर्वांत मौल्यवान जागा माझ्या मते दीपनगर आहे. कोळशासाठी नव्हे, बाकी सगळ्यासाठी. हतनूर धरणाचं पाणी, रेल्वेचा फाटा, जमीन, 400 केव्हीचं स्विचयार्ड, आणि टर्बाइनच्या आवाजावरून बेअरिंगची तब्येत ओळखणारी माणसं. नवीन 660 मेगावॉटचा संच अजून दशकं चालेल, पण जुने संच निवृत्त होत जातील तसतशी वीज वाहून नेणाऱ्या तारांवरची त्यांची जागा मोकळी होते. आधी तिथे बॅटरी यावी. ती वर्ष-दीड वर्षात बसते. पुढे अणुभट्टीचा विचार करायचा तर भूकंप, पाणी, लोकवस्तीपासूनचं अंतर यांची तपासणी कडक व्हावी, आणि ती लोकांसमोर व्हावी. तापीच्याच काठावर, खाली गुजरातमध्ये काकरापारला आपल्या देशाच्या पहिल्या 700 मेगावॉटच्या स्वदेशी भट्ट्या 2023-24 पासून व्यावसायिक वीज देत आहेत. म्हणजे तापीचं पाणी हे काम आधीच करतं आहे. तिच्यावर उकाईचं धरण झालं तेव्हा नवापूर भागातली गावं पाण्याखाली गेली. पुढचा कुठलाही प्रकल्प बोलताना हे विसरून चालणार नाही.

मधल्या काळासाठी उदंचन जलविद्युत मला सर्वांत पक्की वाटते. दुपारच्या सौर विजेने पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज काढायची. घाटघरला 250 मेगावॉटचं केंद्र 2008 पासून हेच करतं. सातपुड्यात उंची आहे, पण वरचा भाग यावल अभयारण्याचा आणि पावरा-तडवी वस्त्यांचा. नदीवर बांध न घालता, एकदा भरलेलं पाणी वर-खाली फिरवणाऱ्या जोड तलावांचीच योजना इथे मान्य होण्यासारखी आहे, आणि तीही ग्रामसभेने हो म्हटल्यावर.

तुमच्या नोकरीबद्दल दोन शब्द. तुमची कंपनी जर 'अमेरिकेत चाललं, इथेही चालेल' असं सांगून पैसा उभारत असेल तर सावध रहा. तिने पहिला ग्राहक कोण, तो किती वर्षांचा करार करतो, आणि विहीर कोरडी निघाली किंवा भट्टी दोन वर्षं लांबली तर कोण सोसतो, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं दाखवली तर तिथे जीव ओतून काम करा. पहिला ग्राहक सरकारी वितरण कंपनी धरू नका. तिचा दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि आयोगासमोर 'पहिलं आहे म्हणून महाग' हे पटवणं फार अवघड आहे. एखादा पोलाद कारखाना किंवा बंदर शोधा.

आणि वडिलांसाठी. रात्री न जाणारी लाइट ग्रीडवरून येण्याची वाट बघत बसू नका, अर्धं काम चेंबरमध्येच होतं. आता दिवसा उद्योगांना दरात सवलत आणि संध्याकाळनंतर जादा आकार आहे. दुपारी कॉम्प्रेसर जोरात चालवून गारवा साठवायचा. बर्फाच्या टाकीत किंवा भिंतीलगतच्या गोठणाऱ्या द्रावणाच्या पॅनेलमध्ये तो साठतो, आणि तीन-चार तासांचं लोडशेडिंग केळीला कळतही नाही. बॅटरीपेक्षा हे स्वस्त पडतं, कारण तुम्हाला शेवटी थंडीच हवी आहे. फक्त साठवण 13 अंशांखाली केळीपर्यंत पोचणार नाही अशी हवेची फिरती ठेवा, नाहीतर साल काळी पडेल. किती टनांची टाकी लागेल हे सांगायला मला मे महिन्याचा मीटरचा पंधरा-पंधरा मिनिटांचा डेटा लागेल. तो वीज कंपनीकडे अर्ज केल्यावर मिळतो. प्री-कूलिंग आणि रायपनिंग एकाच मीटरवर असतील तर आधी दोन्हीला वेगळे सबमीटर लावून घ्या, आणि पंधरा दिवस दार किती वेळा उघडतं तेही एका वहीत नोंदवा. ते आकडे हाती आले की मी टाकीचं माप काढून देतो.